पाणी कुठे मुरतं? बेंगळुरूच्या राजकालुव्यांचा हिशेब

मागच्या काही भागांत आपण किल्ले आणि लढाया पाहिल्या. आजचा विषय गटारांचा आहे. नाक मुरडू नका. शहराचा खरा इतिहास पुतळ्यांपेक्षा त्याच्या गटारांत जास्त प्रामाणिकपणे लिहिलेला असतो.

तारीख १९ जानेवारी २०१८. बेंगळुरूच्या आग्नेयेला बेळंदूर नावाचं तळं आहे. सुमारे ९०० एकरांचं, शहरातलं सगळ्यात मोठं. त्या दिवशी या तळ्यात आग लागली. हो, तळ्यात. ती विझवायला लष्कराच्या आर्मी सर्व्हिस कॉर्प्सचे सुमारे ५,००० जवान उतरले, अग्निशमन दलाचे बंब आले, आणि तरीही दुसऱ्या दिवसापर्यंत धूर निघतच होता. याआधी मे २०१५ मध्ये याच तळ्यावरचा फेस पेटलेला जगाने पाहिला होता, आणि फेब्रुवारी २०१७ मध्येही तिथे आग लागली होती. पावसाळ्यात बेळंदूर आणि त्याच्या खालचं वर्तूर या दोन तळ्यांचा पांढरा फेस उडून रस्त्यावर यायचा आणि दुचाकीवाल्यांच्या अंगावर बसायचा.

राष्ट्रीय हरित लवादात प्रकरण गेलं. डिसेंबर २०१८ मध्ये लवादाने कर्नाटक सरकारला ५० कोटी आणि तेव्हाच्या बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेला २५ कोटी रुपये भरायला सांगितले, शिवाय ५०० कोटी रुपये या कामासाठी वेगळे राखून ठेवायला लावले. न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. पैसा आला, यंत्रं आली, गाळ उपसायला सुरुवात झाली.

आता माझा प्रश्न असा, की हे सगळं लागू पडतंय की नाही हे आपल्याला कळणार कसं?

मी तोफखान्यातला माणूस. आमच्याकडे तोफा मागे असतात आणि निरीक्षण अधिकारी पुढे, शत्रूच्या डोळ्यांसमोर. गोळा कुठे पडला, लक्ष्याच्या किती डावीकडे, किती पुढे, हे तो बिनतारीवरून मागे कळवतो, आणि मग तोफेची दिशा सुधारतात. त्याच्यावाचून बॅटरी दिवसभर गोळे डागू शकते, पण ती आंधळी असते. किती गोळे डागले हा आकडा दारूगोळ्याच्या वहीत जातो. लढाईच्या निकालाशी त्याचा संबंध नसतो. बेंगळुरूच्या नाल्यांवर गेली कित्येक वर्षं गोळे डागले जात आहेत. पुढे निरीक्षक बसलाय का, ते आज पाहू.

उतारावरचं शहर

आधी भूगोल. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका पाठारावर वसलंय. मोठी नदी नाही. वर्षाला साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो तीन दिशांना वाहून जातो. पश्चिमेला वृषभावती खोरं, ज्याचं पाणी अर्कावतीत आणि पुढे कावेरीत जातं. उत्तरेला हेब्बाळ खोरं आणि आग्नेयेला कोरमंगला-चल्लघट्टा खोरं. या दोन्हींचं पाणी दक्षिण पिनाकिनी नदीतून तामिळनाडूत उतरतं.

नदी नसलेल्या गावाने करायचं काय? त्याने पाऊस अडवला. उतारावर एकाखाली एक तळी बांधली. वरचं तळं भरलं की त्याच्या सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात. सांडव्याला कन्नडमध्ये ‘कोडी’ म्हणतात, तळ्याला ‘केरे’, आणि तळ्यांना जोडणाऱ्या मोठ्या ओढ्याला ‘राजकालुवे’. तळ्याच्या पाण्याचं वाटप करणारा माणूस म्हणजे ‘नीरगंटी’. कोणाच्या शेताला किती पाणी, मोरी कधी उघडायची, कधी बंद करायची, हे तो ठरवायचा. तळं भरून कोडी वाहू लागली की गाव बागिना अर्पण करायचं, आपल्याकडे भरल्या नदीची ओटी भरतात तसंच. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढून शेतात टाकायचा.

केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास इथे किल्ला आणि पेठ वसवली आणि तळीही बांधली. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली हे ठाणं घेतलं, आणि त्या फौजेत असलेल्या शहाजीराजांना ते जहागिरीत मिळालं. म्हणजे पुढची जवळजवळ ५० वर्षं हे भोसल्यांचं ठाणं होतं. आपल्या पूर्वजांनी याच तळ्यांचं पाणी प्यायलं, याच तळ्यांवर घोडे धुतले. बेंगळुरू आपल्याला परकं नाही, ते यासाठी सांगितलं.

इंग्रज आले तेव्हा ही व्यवस्था पाहून त्यांचे इंजिनियरही थक्क झाले. म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी हे मद्रास सॅपर्सचे अधिकारी. कब्बन पार्क त्यांनी आखलं, आज जिथे कर्नाटक उच्च न्यायालय आहे ती अठरा कचेरी त्यांच्याच देखरेखीखाली झाली, आणि १८८२ चा सँकी टँक त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांचं निरीक्षण असं होतं, की या प्रदेशात तळी इतकी आहेत, की नव्या तळ्यासाठी जागा शोधायची म्हणजेच कसब लागेल.

आकड्यांत सांगायचं तर, भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांच्या मांडणीनुसार १८०० च्या सुमारास आजच्या शहराच्या ७४१ चौरस किलोमीटर क्षेत्रात १,४५२ जलाशय होते आणि त्यांची साठवण ३५ अब्ज घनफुटांच्या आसपास होती. २०१६ पर्यंत जलाशय राहिले १९४ आणि साठवण सुमारे ५ अब्ज घनफूट.

नळ आला, तळं पोरकं झालं

हे झालं कसं? एका दुष्ट माणसाने केलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. ते एका चांगल्या गोष्टीमुळे झालं. नळ आला.

१८९४ मध्ये हेसरघट्ट्याहून पाणी आलं. १८९८ च्या प्लेगने दाट पेठेचा धसका घेतला आणि बसवनगुडी, मल्लेश्वरम अशा मोकळ्या वसाहती झाल्या. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. १९६४ मध्ये पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण मंडळ स्थापन झालं. १९७४ मध्ये कावेरी आली, सुमारे १०० किलोमीटरवरून आणि शेकडो मीटर वर उपसून.

पिण्याचं पाणी तळ्यातून येत होतं तोवर तळ्यात घाण टाकणाऱ्याला गाव विचारत होतं. पाणी शंभर किलोमीटरवरून यायला लागलं, तेव्हा तळ्याचा वाली उरला नाही. धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचं बसस्थानक उभं राहिलं. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम. अक्कितिम्मनहळ्ळी तळ्यावर हॉकीचं मैदान. कोरमंगला भागातल्या एका तळ्यावर राष्ट्रीय क्रीडाग्राम. १९८५ मध्ये लक्ष्मण राव यांच्या अध्यक्षतेखाली तळी वाचवण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिने अहवालही दिला, पण शहराचा वेग अहवालापेक्षा जास्त होता.

आणि दुसरा धक्का. कावेरीचं पाणी घरात आलं म्हणजे तितकंच सांडपाणी बाहेर पडणार. त्याच्यासाठी जमिनीखालची मलवाहिनी हवी. वस्ती पुढे पळाली, मलवाहिनी मागे राहिली. मग घराच्या मागून जाणारा राजकालुवे कशासाठी आहे? सांडपाणी त्यात सोडलं गेलं. जो ओढा वर्षातले काही महिने वाहायचा, तो बारमाही झाला. गंमत बघा, नदी नसलेल्या शहराला अखेर बारमाही नद्या मिळाल्या, पण त्या स्नानगृहांतून आणि मोऱ्यांतून निघालेल्या.

इथेच कारभाराची फाळणीही झाली. पावसाचा नाला महापालिकेचा. मलवाहिनी पाणीपुरवठा मंडळाची. पाण्याचे नमुने तपासणार प्रदूषण नियंत्रण मंडळ. आणि तिन्हींच्या मधून वाहणारी घाण कोणाची? ज्यांनी सैन्यात नोकरी केली आहे त्यांना ठाऊक आहे, की शत्रू नेहमी दोन तुकड्यांच्या हद्दीच्या मधूनच घुसतो.

पाण्याची घाण मोजायला माणूस कधी शिकला

आता थोडं जगाकडे. घाण पाणी मोजायचं कसं, हा प्रश्न इंग्लंडला १९ व्या शतकात पडला, कारण त्यांच्या नद्या आपल्यापेक्षा आधी सडल्या. १८९८ मध्ये तिथे सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी शाही आयोग नेमला गेला. त्याचा आठवा अहवाल १९१२ चा. त्याने एक चाचणी रूढ केली. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करा, ठरावीक उष्णतेत पाच दिवस ठेवा, आणि त्यातल्या जंतूंनी घाण खाताना किती प्राणवायू वापरला ते मोजा. जितकी घाण जास्त, तितका प्राणवायू जास्त लागणार. यालाच आज बीओडी म्हणतात. नदीत आठपट स्वच्छ पाणी मिसळणार असेल तर सोडलेल्या पाण्याचं बीओडी लिटरमागे २० मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असं त्यांनी ठरवलं.

पाचच दिवस का? याचं कारण असं सांगितलं जातं, की इंग्लंडच्या नद्या उगमापासून समुद्रापर्यंत जायला पाच दिवसांपेक्षा जास्त घेत नाहीत. आपल्याकडे हवा गरम, म्हणून भारतात हीच चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांची करतात. पण मुद्दा वेगळाच आहे. ही मोजपट्टी नळातून सतत सारखं वाहणाऱ्या सांडपाण्यासाठी बनली होती. पाऊस सतत सारखा नसतो.

पावसाचं पाणी छपरावरून, रस्त्यावरून, बाजारातून वाहत येतं आणि वाटेतलं सगळं घेऊन येतं. गाड्यांचं तेल, टायरचा चुरा, बांधकामाची माती, जनावरांचं शेण, प्लॅस्टिक. पहिल्या काही मिनिटांचा लोंढा सगळ्यात काळा असतो. पहिल्या वळवाच्या पावसानंतर शहरातल्या तळ्यांत मासे मेल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. नाल्यात महिनोन्‌महिने साठलेली घाण एका तासात तळ्यात येते आणि पाण्यातला प्राणवायू संपतो.

याचं पहिलं मोठं मोजमाप अमेरिकेने केलं. १९७९ ते १९८३ या काळात त्यांच्या पर्यावरण संस्थेने देशभर २८ ठिकाणी शहरी पावसाच्या पाण्याचा अभ्यास केला. त्यातून जी पद्धत रुळली ती समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

समजा, एका पावसात नाल्यातून पहिल्या १५ मिनिटांत १० लाख लिटर पाणी गेलं आणि त्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम गाळ होता. पुढच्या दोन तासांत ९० लाख लिटर गेलं आणि त्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम गाळ होता. पहिल्या लोंढ्यात गाळ गेला ५०० किलो, नंतरच्यात ४५० किलो. एकूण एक कोटी लिटरमध्ये ९५० किलो, म्हणजे सरासरी लिटरमागे ९५ मिलिग्रॅम. आता एखादा कर्मचारी बादली घेऊन गेला. तो पहिल्या १५ मिनिटांत पोचला तर लिहील ५००. चहा पिऊन तासाभराने पोचला तर लिहील ५०. दोन्ही नोंदी खऱ्या, आणि दोन्ही फसव्या. म्हणून पावसाचं पाणी मोजायचं तर पूर्ण पावसाचं मोजावं लागतं, आणि पाण्याच्या दर्जासोबत पाणी किती वाहिलं तेही मोजावं लागतं.

त्या अभ्यासाचे दोन निष्कर्ष मला फार बोलके वाटतात. एक, यंत्राने रस्ते झाडल्यामुळे पावसाच्या पाण्याचा दर्जा फारसा सुधारत नाही. दिसायला शहर स्वच्छ, नाल्यात फरक जवळजवळ नाही. नगरपालिकांना हे ऐकायला आवडलं नसणार. आणि दोन, सगळ्यात चांगलं काम कोणी केलं? ज्या तळ्यात कायम पाणी असतं अशा तळ्याने. पाणी तिथे थांबतं, गाळ खाली बसतो, जंतू आणि वनस्पती उरलेलं काम करतात.

म्हणजे २८ ठिकाणी चार-पाच वर्षं खपून त्यांना जे सापडलं, ते बेंगळुरूकडे शेकडोंनी होतं. उतारावर एकाखाली एक तळी म्हणजे एकामागोमाग एक गाळण्या. ज्या काळात तिकडे तळ्यांचं महत्त्व मोजलं जात होतं, त्याच काळात इकडे तळ्यांवर मैदानं आणि वसाहती उभ्या राहत होत्या. मात्र एक गोष्ट विसरू नका. तळं पावसाची धूळ आणि माती पचवू शकतं. लाखो घरांचं रोजचं सांडपाणी पचवायला ते बांधलेलं नाही.

टक्केवारीचा सापळा

आता खरी मेख. एखादी योजना झाली की अहवालात काय लिहितात? ‘प्रदूषणात ७५ टक्के घट.’ टाळ्या. पण जरा गणित करा. एका ठिकाणी लिटरमागे ४०० मिलिग्रॅम गाळाचं पाणी आत आलं आणि १०० चं बाहेर गेलं. घट ७५ टक्के. दुसऱ्या ठिकाणी ५० चं आत आलं आणि २५ चं बाहेर गेलं. घट ५० टक्के. टक्केवारीत पहिला जिंकला. पण खालच्या शेतकऱ्याला कोणाचं पाणी हवंय? दुसऱ्याचं. पाणी जितकं घाण येईल तितकी टक्केवारी छान दिसते. म्हणजे वरच्या गावाने जास्त घाण केली तर खालच्या यंत्राला जास्त गुण. आणि पाणी आधीच बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर कितीही चांगली व्यवस्था केली तरी टक्केवारी कमीच दिसणार, कारण एका मर्यादेखाली गाळ बसतच नाही.

१९९६ पासून अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने आणि पर्यावरण संस्थेने मिळून अशा शेकडो अभ्यासांची एक सार्वजनिक नोंदवही सुरू केली. तिथल्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं, की टक्केवारी हा मापदंड सोडा. बाहेर पडणारं पाणी अनेक पावसांमध्ये कसं होतं ते दाखवा, आणि एकूण किती पाणी अडवलं, किती मुरवलं ते दाखवा.

‘पाणी कुठेतरी मुरतंय’ असं आपण संशयाने म्हणतो. या विषयात मात्र पाणी मुरलं तर आनंदच आहे. प्रश्न एवढाच, की ते कुठे मुरलं हे कोणी मोजतंय का?

बेंगळुरूने काय मोजलं?

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचा बेंगळुरूच्या पावसाळी पाण्याच्या व्यवस्थापनावरचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्यातला एक आकडा पुरेसा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरमंगला खोऱ्यात सुमारे ११३ किलोमीटर नाले होते, ते २०१६-१७ पर्यंत सुमारे ६३ उरले. वृषभावती खोऱ्यात सुमारे २२६ किलोमीटर होते, ते सुमारे १११ उरले. नाला अर्धा झाला, शहर अनेकपट झालं. ४ आणि ५ सप्टेंबर २०२२ ला एका रात्रीत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस पडला आणि बाह्य वळण रस्त्यावरच्या श्रीमंत वसाहतींतून लोकांना ट्रॅक्टरवर बसून बाहेर यावं लागलं. पाण्याला त्याची जुनी वाट पाठ होती. आपण विसरलो होतो.

उरलेल्या नाल्यांचं काय केलं? दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती बांधल्या. कामाचं माप काय? इतके किलोमीटर भिंत, इतके कोटी खर्च, इतके लाख घनमीटर गाळ. हे सगळे आकडे दारूगोळ्याच्या वहीतले. भिंतीमुळे पाणी वेगाने जातं, म्हणजे घाणही वेगाने खालच्या तळ्यात पोचते. पूर कमी झाला की घाण वाढली, हे त्या वहीत दिसणार नाही.

राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत, नाल्यांत पाण्याची उंची सांगणारे संवेदकही आहेत. ही चांगली गोष्ट आहे, पुराचा इशारा त्यामुळे मिळतो. पण त्यातून पाण्याची उंची कळते, पाण्याची कळा कळत नाही. प्रदूषण मंडळ तळ्यांचे नमुने घेतं आणि ए ते ई अशी प्रत ठरवतं. डी प्रतीला, म्हणजे मासे जगतील अशा पाण्याला, लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. शहरातली बहुतेक तळी डी किंवा त्याच्याही खाली असतात. हा आजाऱ्याचा ताप झाला. कोणत्या औषधाने ताप उतरला, हे महिन्यातून एकदा तापमापी लावून कळत नाही.

सगळंच अंधारात आहे असं मात्र नाही. उत्तर बेंगळुरूतलं जक्कूर तळं पाहा. वरच्या बाजूला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, त्यातून निघालेलं पाणी आधी एका पाणथळीत, पाणकणसासारख्या वनस्पतींमधून, आणि मग तळ्यात. शहरातल्या ‘अट्री’ या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी इथे आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी वेळोवेळी तपासलं. पाणथळ काम करते हे दिसलं. पण त्याच पाणथळीत पावसाळी नाल्यातून शुद्ध न केलेलं सांडपाणीही घुसतं आणि हिशेब बिघडवतं, हेही दिसलं. मोजल्यामुळे नेमकं कळलं, की तळ्यात आणखी पैसा घालण्याआधी त्या नाल्यात शिरणारं सांडपाणी बंद करायला हवं.

दुसरं उदाहरण कोलारचं. कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं शुद्ध केलेलं सांडपाणी २०१८ च्या जूनपासून दुष्काळी कोलारच्या तळ्यांत सोडायला सुरुवात झाली. महिन्याभरात तिथल्या लक्ष्मीसागर तळ्यात फेस आला. उच्च न्यायालयाने जुलैत पाणी थांबवलं, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नंतर योजना चालू राहिली. कोलारच्या शेतकऱ्याला पाणी हवं होतं, आणि ते पाणी कसं आहे हेही कळायला हवं होतं. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पहिल्या दिवसापासून रोजचे आकडे गावाच्या चावडीवर लागले असते तर न्यायालयाची पायरी कदाचित चढावीच लागली नसती.

आणि हे सगळं पाणी शेवटी कुठे जातं? दक्षिण पिनाकिनीतून होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणात. तिथेही फेस तरंगलेला अनेकदा दिसलाय. म्हणजे वरच्या शहराचा ताळेबंद खालचं राज्य भरतं.

मोजायचं तर कसं?

अभियंत्यांसाठी हे नवीन नाही, पण नागरिक म्हणून आपल्याला प्रश्न विचारता यायला हवेत. काम सुरू होण्याआधी एक पावसाळा तरी मोजा, नाहीतर तुलना कशाशी करणार? कोरड्या दिवशी नाल्यात जे वाहतं ते वेगळं मोजा, कारण ते पावसाचं नाही, सांडपाण्याचं आहे. पावसाच्या दिवशीच्या आकड्यातून ते वजा केल्याशिवाय पावसाची घाण कळणार नाही. आत येणारं आणि बाहेर जाणारं, दोन्ही पाणी मोजा, आणि एका नमुन्यावर न थांबता पावसाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजा. एका पावसावर निकाल देऊ नका, रिमझिम आणि ढगफुटी दोन्ही येऊ द्यात. शेजारचा, काम न केलेला एखादा नाला तुलनेसाठी ठेवा, म्हणजे सुधारणा योजनेमुळे झाली की त्या वर्षी पाऊसच चांगला पडला, हे कळेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याने काम केलं त्याच्याच हातात मोजपट्टी देऊ नका.

हे खर्चिक आहे, असं लगेच कोणी म्हणेल. आहेच. पण भिंतीवर शेकडो कोटी घालणाऱ्याला त्यातला छोटा हिस्सा निरीक्षकावर घालणं परवडतं. तो नसेल तर पुढचे शेकडो कोटी कुठे घालायचे हेच कळत नाही.

हे फक्त कन्नड मुलखाचं दुखणं समजून स्वस्थ बसू नका. मुंबईत जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेले होते. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ते ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायला सांगितलं. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तो अहवाल साऱ्यांना आठवला. पण या हिशेबात पाणी किती हे होतं, पाणी कसं हे नव्हतं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी दगडी नळातून शहरात आणलं. त्याच डोंगरउतारावरून येणाऱ्या आंबील ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री माणसं वाहून नेली. पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका निघाली तीही २०१९ मध्येच. देश स्वतंत्र होऊन ७० हून अधिक वर्षं झाल्यावर.

नीरगंटीकडे प्रयोगशाळा नव्हती. पण कोडीवरून किती पाणी गेलं, कोणत्या मोरीतून किती सुटलं आणि यंदा गाळ किती बसला, हे तो गावासमोर सांगायला बांधील होता, कारण त्याचं स्वतःचं घर त्याच तळ्याच्या खाली होतं. आपल्या पालिकेत आज असा एकही माणूस नाही जो पावसाळ्यानंतर उभा राहून सांगेल, की यंदा या नाल्यातून इतकी घाण नदीत गेली आणि मागच्या वर्षी इतकी.

म्हणून एक काम देतो. आपल्या गावात नाल्याचं सुशोभीकरण किंवा खोलीकरण चालू असेल तर माहितीच्या अधिकारात एकच अर्ज करा. काम सुरू होण्यापूर्वीचे आणि नंतरचे पाण्याचे आकडे मागा, पावसाच्या दिवसाचे वेगळे आणि कोरड्या दिवसाचे वेगळे. उत्तर आलं तर खाली प्रतिक्रियांमध्ये जरूर लिहा. ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही लिहा, गावाच्या नावासकट. पुढच्या भागात कात्रजच्या त्याच दगडी नळाची गोष्ट सांगेन. तो कोणी बांधला, आणि बांधल्यावर त्याची निगा कोणी राखली, हे दोन्ही. तोवर रजा घेतो. जय हिंद.